लाल मातीवरची घरं झऱ्याकडे का सरकली

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात कोर्टेझ नावाचं छोटं शहर आहे. त्याच्या पश्चिमेला सँड कॅन्यन ही दरी. इ.स. 1250 च्या सुमारास या दरीच्या अगदी माथ्यावर, झऱ्याच्या दोन्ही अंगांनी, एक मोठं गाव उभं राहिलं. सुमारे 420 खोल्या, 90 च्या आसपास किवा, 14 मनोरे आणि भोवती दगडी भिंत. किवा म्हणजे जमिनीत खोदून बांधलेली गोल खोली. रोजचा वावर आणि धार्मिक विधी दोन्ही तिथे चालत. त्या काळात साधारण एका कुटुंबाची एक किवा असे, म्हणून किवा मोजल्या की कुटुंबांचा अंदाज येतो. 1285 पर्यंत हे गाव रिकामं झालेलं होतं. बांधायला सुरुवात झाल्यापासून सोडेपर्यंत जेमतेम तीस-पस्तीस वर्षं.

या लोकांचे आजे-पणजे काही परदेशातून आलेले नव्हते. ते वरच्या सपाटीवर, आपापल्या मक्याच्या शेतात राहत. पाच-सात खोल्यांची एक ओळ, तिच्या पुढ्यात एक किवा, त्यापुढे उकिरडा आणि सभोवती शेत, अशी ती सुटी सुटी घरं. दार उघडलं की रान समोर. अशी सोय सोडून दरीच्या काठावर एकमेकांना चिकटून राहायला माणसं का गेली? आणि एवढा खटाटोप करून एका पिढीत तेही सोडून का निघाली?

या प्रदेशाबद्दल सामान्यतः एक वाक्य ऐकवलं जातं: दुष्काळ पडला, लोक गेले. ते खोटं नाही, पण फार लवकर संपतं. जमिनीच्या बाजूने पाहिलं तर प्रकरण जास्त गुंतागुंतीचं दिसतं. माझं म्हणणं असं की सहाशे वर्षं इथल्या वस्त्यांच्या जागा प्रामुख्याने जमिनीच्या प्रतीने ठरवल्या. शेवटच्या शतकात मात्र जमीन किती चांगली आहे यापेक्षा ती कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न मोठा झाला.

हे लोक म्हणजे प्राचीन प्वेब्लो, अमेरिकेतले मूळनिवासी. त्यांचे वंशज आजही ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत आहेत: होपी, झुनी, ॲकोमा आणि रिओ ग्रांदे नदीकाठचे अनेक प्वेब्लो. तेव्हा "गायब झालेली संस्कृती" वगैरे भाषा इथे लागू पडत नाही.

माती आणि तिच्यातली ओल

कोर्टेझपासून वायव्येला युटाच्या सीमेपर्यंत जी सपाटी पसरली आहे तिला ग्रेट सेज प्लेन म्हणतात. तिच्यावर लालसर, बारीक, मऊ मातीचा थर आहे. हा थर नदीने आणलेला नाही. नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी भागातून वाऱ्याने हजारो वर्षं धूळ उडवून आणली आणि इथे टाकली. भूगर्भशास्त्रात अशा मातीला लोएस म्हणतात. कुठे हा थर वीतभर आहे, कुठे मीटरभराहून जास्त. खाली वालुकाश्माचा खडक.

या मातीचं महत्त्व समजायला आपल्याकडची रब्बीची ज्वारी आठवावी. सोलापूरकडच्या काळ्या भारी जमिनीत पावसाळ्याची ओल मुरून राहते आणि पुढे थेंबभर पाऊस न पडताही त्या ओलीवर ज्वारी उभी राहते. लोएसचं काम तसंच आहे, फक्त इथे ओल येते ती हिवाळ्यातल्या बर्फातून. वर्षाचा एकूण पाऊस-बर्फ धरून साधारण 30 ते 45 सेंटिमीटर पाणी पडतं. त्यातलं बरंच हिवाळ्यात आणि उरलेलं जुलै-ऑगस्टच्या वळवासारख्या सरींत. मधला जून कोरडा ठाक. मका पेरायचा मे महिन्यात, म्हणजे कोंब वर येतो तोच सर्वात कोरड्या दिवसांत. त्या दिवसांत रोप जगतं ते फक्त जमिनीच्या पोटातल्या बर्फाच्या ओलीवर. माती खोल असेल तर ओल टिकते, उथळ असेल तर जूनमध्येच सगळं संपतं.

होपी शेतकरी आजही याच हिशेबाने मका लावतात. पेरत नाहीत, टोकतात. काठीने वीतभर किंवा त्याहून खोल खड्डा करायचा, ओली माती लागेपर्यंत. त्यात एकदम बरेच दाणे टाकायचे आणि दोन-तीन पावलं सोडून पुढचा खड्डा. इतक्या खोलातून वर यायचं म्हणजे कोंबात तेवढा जोर हवा. होपी मक्याच्या कोंबाचा जमिनीखालचा दांडा विलक्षण लांब वाढतो, हे 1914 मध्येच वनस्पतिशास्त्रज्ञांनी नोंदवलं होतं. प्राचीन लोकांकडे नांगर नव्हता, बैल नव्हता. पाळीव म्हणाल तर कुत्रा आणि टर्की पक्षी. अशा शेतीत मऊ, खोल, दगड नसलेल्या मातीची किंमत काय असेल ते शेती केलेल्या माणसाला सांगायला नको.

पण खोल माती एवढंच पुरत नाही. इथे उंचीचं गणित फार कडक आहे. साधारण 1,800 मीटरच्या खाली गेलं की पाऊस कमी पडतो. 2,150 मीटरच्या वर गेलं की पाऊस भरपूर, पण थंडी लवकर येते आणि दाणे भरायच्या आत कणीस गारठतं. मक्याला किमान 110-120 दिवस तरी हिमदव न पडता मिळावे लागतात. म्हणून पावसावरची शेती जमेल असा भाग म्हणजे दोन बाजूंनी आवळलेला एक पट्टा होता. दुष्काळी दशकं आली की पट्ट्याची खालची कड वर सरके. थंड दशकं आली की वरची कड खाली उतरे. दोन्ही एकदम झालं तर पट्टा जवळपास मिटायचा. त्यातही खोलगट भागात रात्री थंड हवा उतरून साचते, म्हणून दरीच्या तळाशी सुपीक गाळ असला तरी तिथे मक्याला धोका जास्त. काठावरच्या सपाटीपेक्षा तळात पहिलं हिमदव आधी पडतं.

"चांगली जमीन" म्हणजे काय, याचं उत्तर या भागात सरासरी उताऱ्यात मिळत नाही. ते मिळतं वाईट वर्षातल्या उताऱ्यात. खोल लोएसचा खरा गुण असा की वाईट वर्षी ती पूर्ण बुडवत नाही.

सहाशे वर्षांचा नकाशा

इ.स. 600 च्या आसपास या भागात शेतकरी कुटुंबं मोठ्या संख्येने येऊ लागली. ती नेमकी खोल लाल मातीवर बसली. कोर्टेझजवळचं डिलार्ड हे सातव्या शतकातलं स्थळ याचा चांगला नमुना: जमिनीत खोदलेली घरं, आणि साऱ्या परिसराने एकत्र येण्यासाठी बांधलेली एक मोठी किवा. लोएस काठीनेही खोदता येते, त्यामुळे जी माती मका देई तीच घरालाही सोयीची होती. जमीन मुबलक, माणसं मोजकी. रान थकलं, आसपासचं जळण संपलं की कुटुंब उठून थोडं पुढे सरके. घरं एका पिढीच्या आसपास वापरात राहत.

आठव्या-नवव्या शतकात चित्र बदललं. खालची सपाटी कोरडी पडत गेली आणि माणसं वर, डोलोरेस नदीच्या खोऱ्याकडे सरकली. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,100 मीटरवर मॅकफी, ग्रास मेसा अशी मोठी गावं झाली. इथे पाऊस होता, माती होती, फक्त थंडीची टांगती तलवार होती. या गावांची माहिती आपल्याला आहे ती एका धरणामुळे. 1978 ते 1985 या काळात, मॅकफी जलाशयाखाली खोरं बुडण्याआधी, इथे प्रचंड सर्वेक्षण आणि उत्खनन झालं. बुडणाऱ्या जमिनीवर घाईघाईने केलेलं काम असूनही ते या प्रदेशाच्या अभ्यासाचा पाया ठरलं. त्याच जलाशयाचं पाणी आता डव्ह क्रीक गावाकडच्या शेतांना मिळतं.

डोलोरेसमध्ये एक बारीक पण बोलकी गोष्ट दिसते. गावं मोठी झाली तशा गावापासून दूरच्या रानात एका-दोन खोल्यांच्या खोपी वाढल्या. हंगामात राखणीला त्या उपयोगी होत्याच. पण टिमथी कोहलर या पुरातत्त्वज्ञाने मांडलं की या खोपी ताब्याच्या खुणाही होत्या. जमीन मोकळी असते तेव्हा "ही माझी" असं सांगावं लागत नाही. सांगावं लागायला लागलं की समजायचं, चांगली जमीन संपत आली.

नवव्या शतकाच्या अखेरीस डोलोरेसची गावं ओस पडली. कोरडेपणा आणि आखूड हंगाम एकत्र आले तेव्हा तो उंचावरचा पट्टा मिटला. माणसं दक्षिणेकडे गेली, आणि पुढे शे-दीडशे वर्षं हा भाग विरळ राहिला. या पहिल्या फेरीत जमिनीने माणसांना बोलावलं, जमिनीनेच घालवलं, असं म्हणायला फारशी अडचण येत नाही. अडचण येते दुसऱ्या फेरीत.

ती फेरी अकराव्या शतकात सुरू झाली. दक्षिणेला न्यू मेक्सिकोत चाको दरीतली महाकाय घरं भरात होती आणि त्यांचा प्रभाव इथवर पोचला होता. प्लेझंट व्ह्यू गावाजवळच्या लोरी इथे चाको धाटणीचं मोठं घर बांधलं गेलं ते याच शतकाच्या उत्तरार्धात. माणसं परत आली ती पुन्हा त्याच लाल मातीवर. मातीचा नकाशा आणि बाराव्या शतकातल्या घरांचा नकाशा एकमेकांवर ठेवला तर खोल लोएसचे पट्टे घरांच्या ठिपक्यांनी भरून जातात. खडकाळ, उथळ भागात ठिपके विरळ. यलो जॅकेट हे या प्रदेशातलं सर्वात मोठं गाव, दोनशेच्या आसपास किवांचं. तेही उत्तम जमिनीच्या ऐन मध्यात, दरीच्या कडेला उभं राहिलं.

सरकारी पीकनोंदी आणि झाडांची वर्तुळं

हे सगळं इतक्या खात्रीने सांगता येतं याचं श्रेय आधी झाडांना. खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी 1929 मध्ये ॲरिझोनातल्या शो लो इथे सापडलेल्या एका जळक्या तुळईच्या आधारे जुन्या आणि नव्या वृक्षवलयांची, म्हणजे खोडात दरवर्षी पडणाऱ्या वर्तुळांची, साखळी जोडली. तेव्हापासून प्वेब्लो घरातली तुळई कोणत्या साली तोडली हे सांगता येऊ लागलं. वलयांची रुंदी त्या वर्षीच्या ओलीचा हिशेबही देते. 1276 ते 1299 हा दीर्घ दुष्काळ डग्लस यांनीच त्यातून वाचला.

पुढची पायरी मला जास्त गमतीची वाटते. हवामान कळलं म्हणून मका किती पिकला हे कळत नाही. संशोधक बार्नी बर्न्स यांनी 1983 मध्ये कोलोरॅडोच्या याच भागातल्या विसाव्या शतकातल्या मका आणि घेवड्याच्या उत्पन्नाच्या नोंदी घेतल्या, त्या वलयांशी जुळवल्या आणि मागे जात जात इ.स. 652 पर्यंतचं उत्पन्न काढलं. कृषी खात्याचे रुक्ष तक्ते तेराशे वर्षं मागच्या कोठारांपर्यंत पोचले. मग पुरातत्त्वज्ञ कार्ला व्हॅन वेस्ट यांनी त्यात मातीचा नकाशा घातला. सुमारे 1,816 चौरस किलोमीटरचा भाग घेऊन, प्रत्येक प्रकारची माती किती ओल धरते ते पाहून, इ.स. 901 ते 1300 पर्यंत दरवर्षी कुठे किती मका आला असता याचं गणित त्यांनी मांडलं.

निष्कर्ष अडचणीचा निघाला. तेराव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळातसुद्धा या भागात मोठ्या लोकसंख्येला पुरेल इतकी पिकती जमीन शिल्लक होती. अट एकच: माणसांना हवं तिथे जाऊन पेरता यायला हवं.

कोहलर यांच्या पुढाकाराने 2002 मध्ये सुरू झालेल्या व्हिलेज इकोडायनॅमिक्स प्रकल्पाने हे काम पुढे नेलं. तोच प्रदेश 200 मीटर बाजूच्या सुमारे 45 हजार चौकोनांत तोडला आणि संगणकात कुटुंबं सोडली, जी दरवर्षी मका, पाणी, जळण, शिकार पाहून राहायची जागा ठरवतात. या गणितात थंडीही धरली, हाताने टोकलेल्या जुन्या वाणाचा कमी उतारा धरला. त्यामुळे उत्पन्नाचे आकडे व्हॅन वेस्ट यांच्यापेक्षा खाली आले, आणि तेरावं शतक आधी वाटलं होतं त्याहून कठीण दिसू लागलं. तरीही सगळ्यांनी, एकूण एकांनी, निघून जावं इतकं कठीण ते एकट्या हवामानाने होत नाही. प्रत्यक्षात मात्र मागे कोणी राहिलं नाही.

गणितावर विसंबून राहायचं नसेल तर पेरून पाहावं. कोर्टेझच्या क्रो कॅन्यन आर्किऑलॉजिकल सेंटरने 2008 पासून होपी शेतकऱ्यांबरोबर छोट्या प्रायोगिक शेतांत होपी मका लावायला सुरुवात केली. पाणी द्यायचं नाही, जुन्या रीतीने टोकायचं, आलेलं मोजायचं. शेतं एकमेकांपासून लांब नाहीत, पण खोल मातीतलं शेत आणि उथळ किंवा थंड जागेतलं शेत यांच्या उताऱ्यात मोठा फरक पडतो. जी गोष्ट नकाशावर रंगांच्या छटांत दिसते ती तिथे कणसांच्या ढिगात दिसते.

शेताकडून पाण्याकडे

आता सँड कॅन्यनकडे परत. साधारण 1225 ते 1260 या काळात सपाटीवरची सुटी घरं झपाट्याने रिकामी झाली आणि दऱ्यांच्या माथ्यावर, कपारींत, झऱ्यांभोवती गावं वसली. कोर्टेझजवळच्या मेसा व्हर्डे या पठाराच्या कड्यातला क्लिफ पॅलेस, सुमारे 150 खोल्यांचा, याच लाटेतला. पर्यटकांच्या छायाचित्रांतून तो सगळ्यांना माहीत असतो. पण त्याची जमीन वर, माथ्यावर होती. तिथे जायचं तर कड्यात कोरलेल्या खोबणींत हातपाय रोवून चढायचं, आणि सुगीत मक्याच्या पाट्या घेऊन तसंच उतरायचं.

इथल्या भूगर्भाची एक विचित्र वाटणी आहे. वर सपाटीवर माती आहे, पाणी नाही. पाणी वालुकाश्मातून झिरपत खाली येतं, पाणी न मुरणाऱ्या शेल खडकाच्या थराला अडतं आणि दरीच्या माथ्याशी झऱ्याच्या रूपात बाहेर पडतं. तिथे पाणी आहे, माती नाही. म्हणजे घर कुठे बांधायचं हा प्रश्न कायमच दोहोंतल्या निवडीचा होता, आणि सहाशे वर्षं बहुतेकांनी माती निवडली होती.

कोणी म्हणेल, पाणी रोज लागतं, शेत वर्षातले काही महिने. मग झऱ्याजवळ राहणंच शहाणपणाचं. खरं आहे. पण ते 1150 मध्येही तितकंच खरं होतं, आणि तेव्हा लोकांनी तसं केलं नाही. मधल्या काळात काय बदललं ते पाहायला हवं.

पहिली गोष्ट म्हणजे गर्दी. तेराव्या शतकाच्या मध्यावर या भागाची लोकसंख्या 20 हजारांच्या वर गेल्याचे अंदाज आहेत. खोल लोएसचे सगळे पट्टे व्यापले गेले होते. पूर्वी रान थकलं की पुढे सरकता येई. आता पुढे दुसऱ्याचं शेत होतं. पुरातत्त्वज्ञ मार्क व्हेरियन यांनी स्वयंपाकाच्या फुटक्या मडक्यांच्या राशी मोजून दाखवलं की बाराव्या-तेराव्या शतकात कुटुंबं एकेका जागी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकून राहू लागली. हे स्थैर्य वाटतं तितकं सुखाचं नव्हतं. हलायला जागा उरली नाही, हा त्याचा दुसरा अर्थ.

दुसरी गोष्ट हिंसा. 1130 ते 1180 ही वर्षं कोरडी गेली, चाकोचा दबदबा ओसरला, आणि याच सुमाराच्या, 1140 ते 1180 दरम्यानच्या, या भागातल्या मानवी अवशेषांत दहापैकी जवळपास नऊ सांगाड्यांवर डोक्याला किंवा हाताला मार बसल्याच्या खुणा आढळल्या. अशा आठवणी तीन पिढ्या टिकतात. एकटं घर शेतात असणं ही तोवर सोय होती, आता तो धोका झाला.

पुरातत्त्वज्ञ मायकेल ॲडलर यांचं निरीक्षण इथे उपयोगी पडतं. जमीन दुर्मीळ झाली की तिच्यावरचा हक्क एका कुटुंबाला राखता येत नाही. त्यामागे गट लागतो, आणि गट जितका मोठा तितका हक्क पक्का. माझ्या मते सँड कॅन्यनचं गाव याच नजरेने पाहायला हवं. जमीन राखता यावी म्हणून हे लोक जमिनीपासून थोडे बाजूला गेले. गाव झऱ्यावर बसलं, पण झरा निवडला तो आपल्या शेतांच्या टप्प्यातला. मातीचा नकाशा पुन्हा काढा: घरांचे ठिपके लोएसवरून उठून दऱ्यांच्या माथ्यांवर गोळा झालेले दिसतात, पण मोठी गावं अजूनही उत्तम जमिनीच्या कडेलाच आहेत. जवळचं गुडमन पॉइंट हे त्याहून मोठं गाव असंच, खोल मातीच्या लगत. (ही जागा अमेरिकी सरकारने 1889 मध्येच वसाहतकऱ्यांना वाटपातून वगळून राखून ठेवली, म्हणून तिथे पुढे नांगर फिरला नाही. आजूबाजूची सपाटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या शेतकऱ्यांनी नांगरली. जिथे सेजब्रशची झुडपं उंच, तिथे माती खोल, ही खूण त्यांनाही कामी आली, आणि प्राचीन घरांच्या ढिगाऱ्यांवरून त्यांचे नांगर गेले ते याच कारणाने.)

कमी प्रतीच्या जागांचं काय झालं तेही याच काळात दिसतं. मेसा व्हर्डेच्या माथ्यावर आणि उतारांवर ओघळींना आडवे घातलेले दगडी बांध शेकड्यांनी सापडतात. पाणी अडवायचं, गाळ साठवायचा, आणि त्या चिंचोळ्या तुकड्यात मका लावायचा. इतके कष्ट माणूस घेतो तेव्हा त्याला चांगली जमीन मिळत नसते, किंवा आहे तेवढी पुरत नसते. आणि मॅकएल्मो दरीच्या तळाशी, सँड कॅन्यनच्या गावापेक्षा बरंच खाली, उष्ण आणि कोरड्या जागेत, कॅसल रॉक हे छोटं गाव 1250 च्या दशकात वसलं. शंभर वर्षांपूर्वी तिथे कोणी हौसेने गाव वसवलं नसतं.

शेवटची वर्षं

1276 ला मोठा दुष्काळ सुरू झाला. सँड कॅन्यनच्या गावातल्या उकिरड्यांत आणि घरांच्या जमिनींवर शेवटच्या जेवणांचे अवशेष तुलना करण्याइतके मिळाले आहेत. पुरातत्त्वज्ञ क्रिस्टिन कुकलमन यांनी ते वाचले. आधीच्या काळात मका आणि मक्यावरच पोसलेली टर्की हे मुख्य अन्न. या लोकांच्या आहाराचा बहुतांश भाग मक्यातूनच येत असे, हाडांच्या रासायनिक परीक्षणांतूनही तेच दिसतं. शेवटच्या टप्प्यात मात्र टर्कीची हाडं घटतात, हरीण आणि रानटी प्राण्यांची वाढतात, मक्याच्या जागी रानभाज्या आणि रानबिया येतात. टर्कीला घालायला मका उरला नव्हता. एवढ्या दाट वस्तीत रानातून किती मिळणार? हरणं तर आसपासच्या भागात आधीच शिकार होऊन विरळ झालेली.

कॅसल रॉकचा शेवट 1280 च्या सुमारास एका हल्ल्यात झाला. निदान 41 माणसं मारली गेली, गाव जागच्या जागी संपलं. हल्लेखोर शेजारचेच प्वेब्लो असावेत याकडे उत्खनन करणाऱ्यांचा कल आहे. सँड कॅन्यनच्या गावातही शेवटच्या दिवसांतल्या हिंसेच्या खुणा आहेत. 1280-81 नंतर या सगळ्या प्रदेशात बांधकामासाठी तोडलेलं लाकूड जवळपास सापडत नाही.

व्हॅन वेस्ट यांची अट इथे आठवते. पिकती जमीन होती, पण ती तुकड्यातुकड्यांत, वेगवेगळ्या गावांच्या ताब्यात होती. एका गावाच्या शिवारात ओल टिकली आणि दुसऱ्याच्या नाही, तर दुसऱ्याने पहिल्याकडे जायचं कसं? पूर्वी जाता येत असे. आता मध्ये भिंती आणि मनोरे होते. दुष्काळाने उत्पन्न कमी केलं, थंडीने हंगाम आखूड केला, पण त्या कमी झालेल्या उत्पन्नाची वाटणी जी अडली ती माणसांनी अडवली. मी हवामानाला निर्दोष ठरवत नाही. कोहलर यांनी थंडी धरून केलेल्या गणितानंतर तसं म्हणणं कोणालाच शक्य नाही. मात्र सारख्याच प्रतीच्या दुष्काळाला बाराव्या शतकातल्या लोकांनी जागा बदलून तोंड दिलं आणि त्यातले बरेच टिकले. तेराव्या शतकात ती वाट बंद होती. या दोन दुष्काळांत मातीच्या प्रतीत फरक पडलेला नाही, फरक पडला तो तिच्यापर्यंत पोचण्यात.

पुढे

ते गेले दक्षिणेला आणि आग्नेयेला. याच दशकांत न्यू मेक्सिकोत, रिओ ग्रांदेच्या उत्तर खोऱ्यात, तेवा भाषकांच्या प्रदेशात लोकसंख्या वाढली. मेसा व्हर्डेतल्या टर्कींचा आनुवंशिक धागा नंतर तिथल्या टर्कींत आढळतो. पुरातत्त्वज्ञ स्कॉट ऑर्टमन यांनी भाषा आणि कवट्यांच्या मोजमापांवरूनही हाच मार्ग दाखवला आहे. घरबांधणीची आणि भांड्यांची जुनी धाटणी मात्र तिथे जशीच्या तशी गेली नाही, म्हणून बराच काळ हे स्थलांतर पुरातत्त्वज्ञांना नीट दिसत नव्हतं.

रिओ ग्रांदेकडे ग्रेट सेज प्लेनसारखी लोएसची अखंड चादर नाही. तिथे नदीकाठचा गाळ आहे, आणि त्यापलीकडे गोट्यागोट्यांच्या उघड्या गच्च्या, म्हणजे नदीपेक्षा उंचावरची पायरीसारखी सपाट जमीन. चामा खोऱ्यात चौदाव्या-पंधराव्या शतकात त्या गच्च्यांवर वाफ्यांची जाळी आखली गेली, कडेला दगड लावले गेले आणि वाफ्यांत मातीवर बारीक खडीचा थर पसरला गेला, म्हणजे ओल उडू नये आणि रात्री जमीन लवकर गार पडू नये. लोएसमध्ये जी गोष्ट आपोआप मिळत होती, ती इथे टोपलीटोपलीने खडी वाहून मिळवावी लागली.